हात दिसला की शॉट मेला

हे मी सांगायचं नव्हतं. शेडमधल्या गोष्टी शेडमध्येच राहतील, असं खालानं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. पण अडचण अशी आहे की मी बोलत नाही. वर्गात हजेरीला "येस सर" म्हणते, तेवढंच. त्यामुळे लातुरात ज्याला कुणाला मनातलं बाहेर टाकायचं असतं तो माझ्याकडे येतो. "हिला सांगा, ही कुठं बोलती!" असं म्हणत लोकांनी माझ्यात इतके किस्से कोंबलेत की आता प्रमेयांना जागा उरली नाही. टेस्टमध्ये मार्क कमी पडण्याचं खरं कारण हे आहे. आईला ते पटत नाही. तिला वाटतं, आत्ता रात्री वहीत मी प्रमेयंच लिहितेय.

सगळे किस्से एकाच माणसाचे. मैनूचाचांचे.

आम्ही जळकोटचे. माझ्या क्लाससाठी आई आणि मी लातुरात खोली घेऊन राहतो. खोलीच्या मागं एक पत्र्याचं शेड होतं. तिथं मैनूचाचा बाहुल्यांचे सिनेमे करायचे. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं. पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा चित्र. ती चित्रं भराभर पळवली की बाहुली चालायला लागते. लोकल केबलवर त्यांच्या जाहिराती लागायच्या. लातुरातली निम्मी पोरं त्यांची फॅन होती. उरलेली निम्मी क्लासला असल्यामुळे टीव्ही बघत नव्हती.

उन्हाळ्यात चाचा गेले. त्यानंतर दर रविवारी टेस्ट सुटली की आम्ही फॅन मंडळी शेडमध्ये जमायचो. केबलवाले बालाजीकाका, माझी मैत्रीण रेशमा, मी, आणि चाचांची बायको, म्हणजे खाला. खाला चहा द्यायची आणि कप खाली ठेवायच्या आत म्हणायची, "झाला का? जावा आता घरी."

आम्ही आठवणी काढायला जमायचो आणि टेबलाकडं बघायला. टेबलावर एक गाव होतं. औशाच्या पुढचं चाचांचं स्वतःचं गाव, भूकंपात पडलेलं. त्याच गावची पांढरी माती पोत्यानं आणून चाचा कॅमेऱ्यापुढं एकेक घर उभं करत होते. गल्ली, पार, मशीद, मारुती, सगळं झालं होतं. एकच जागा मोकळी होती. त्यांच्या स्वतःच्या घराची. आणि शेडची जागा ज्यांची, त्या माझ्याच क्लासच्या डायरेक्टर सरांना दिवाळीनंतरच्या बॅचसाठी तिथं अभ्यासिका हवी होती. टेबलाचे पाय जमिनीत गाडलेले, माती कच्ची. टेबल उपटलं की गाव पडणार. दुसऱ्यांदा.

*

या डायरेक्टर सरांची जाहिरात चाचांनीच केली होती. एक खडू शिडी चढतो आणि वर जाऊन फळ्यावर "यश" लिहितो.

शूटिंग बघायला सर स्वतः आले. बराच वेळ उभे राहिले. शेवटी घड्याळ बघून म्हणाले, "मैनुद्दीनभाई, काम कधी सुरू करणार?"

"चालू हाय की सर. खडू दोन पायऱ्या चढला."

"एवढ्या वेळात आमच्याकडं अख्खा चॅप्टर संपतो!"

"हाव," चाचा म्हणाले, "पण पोरं खालीच ऱ्हातेत ना. माझा खडू तर वर गेला."

सरांना हे झोंबलं. मग त्यांनी नवीनच खूळ काढलं. खडू आपोआप चढतो हे बरोबर नाही, म्हणाले. आमचं मार्गदर्शन दिसलं पाहिजे. आमचा हात दिसला पाहिजे.

चाचांचा एकच नियम होता. हात दिसला की शॉट मेला. चुकून बोटाची सावली जरी आली तरी ते सगळं मोडून पहिल्यापासून सुरू करायचे. त्यांनी परोपरीनं सांगितलं. सर म्हणाले, "दिसू द्या! आमचाच हात हाय!"

जाहिरात लागली. शिडीखालून एक जाडजूड हात येतो, त्यात सोन्याची अंगठी, आणि तो हात खडूला हळूच वर सरकवतो. दुसऱ्या दिवशी अख्खं लातूर एकमेकांना विचारत होतं, "बघितली का जाहिरात? कॉपी पुरवून राहिलेत!"

त्या वर्षी क्लासला गर्दी मात्र मावली नाही.

*

उदगीरच्या एका लग्नात थोरले जावई रुसले. ते रुसायलाच आले होते. आधी खुर्ची लहान पडली, मग फेटा लहान पडला, आणि ग्रुप फोटोच्या आत ते गाडीत बसून निघून गेले. लग्नाची कॅसेट चाचांची. वधूपिता हात जोडून म्हणाले, "चाचा, कसंबी करा, पण जावाई कॅसेटमधी दिसायला पायजेत. न्हाईतर लेकीचं अवघड हाय."

चाचांनी मातीचे जावई केले. मोठ्या खुर्चीवर, मोठ्या फेट्यात. ते उठतात, नवरानवरीवर अक्षता टाकतात आणि हसतात.

घरच्या सगळ्यांनी मिळून कॅसेट बघितली. मग थोरली लेक म्हणाली, "बाबा, हेच बरे हायत."

पुढच्या बारशाला त्या घरून चाचांना निरोप आला. जावयांना आहेर काढलाय, घेऊन या. कुठल्या जावयांना ते वेगळं सांगितलं नव्हतं.

*

गणपतीच्या देखाव्यासाठी चाचांनी एकदा राक्षसाचा सिनेमा केला. राक्षसाला अंगभर केस हवे होते, म्हणून खालाची लोकरीची शाल कापली. खालानं शालीवरून जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. ते उर्दूतही होतं आणि मराठीतही.

पण खरी भानगड पुढंच झाली. राक्षस हलवताना दर वेळी चाचांची बोटं केसांत जायची, केस इकडचे तिकडे व्हायचे. पडद्यावर राक्षस नुसता चालत नव्हता, त्याचं सगळं अंग थरथरत होतं. चाचांनी कपाळावर हात मारला. "गेलं सगळं. बोटं दिसून राहिली!"

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष माइकवर ओरडले, "बघा, बघा! बाप्पाला बघून राक्षस कसा कापून राहिलाय!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बायका हात जोडून उभ्या. पुढच्या वर्षी शेजारच्या मंडळानं येऊन सांगितलं, "चाचा, आमचा राक्षस त्यांच्यापेक्षा जास्त कापला पायजे."

खालानं उरलेली शाल पेटीत घालून कुलूप लावलं.

*

शेडमध्ये शिरताना चप्पल बाहेर. चालायचं मांजरीसारखं. शिंक आली तर रस्त्यावर जायचं. टेबल हललं तर दिवसभराची मेहनत मातीत जायची.

आता आमच्याकडची माणसं कशी आहेत ते सांगायला नको. फळीवरचं भांडं नुसतं वाजलं तरी अख्खी गल्ली बाहेर. एकदा असंच सगळ्यांना हादरा जाणवला. लोक पोरं काखेत मारून पळाले. आमच्या क्लासमधले फिजिक्सचे सर डस्टर घेऊन पळाले. सगळे बाहेर धावत असताना एकच माणूस आत धावला. चाचा. दोन्ही हातांनी टेबल धरून उभे राहिले.

बाहेरून खाला ओरडत होती, "अवो, निघा बाहेर! छप्पर येतंय!"

"एक मिनिट! बैलाचा पाय हवेत हाय!"

"बायकोपेक्षा बैल जास्त झाला का?"

आतून उत्तर आलं, "तू आपल्या पायानं बाहेर गेलीस की! त्याचा पाय मला हालवावा लागतो!"

नंतर कळलं की हादरा वगैरे काही नव्हता. शेजारच्या प्लॉटवर नव्या हॉस्टेलचा पाया खणत होते. खाला मात्र त्या दिवशी दारातच बसून राहिली, पाय बाहेर ठेवून.

*

गावाचा सिनेमा होतोय हे कळल्यावर नव्या वसाहतीतून माणसं यायला लागली. भूकंपानंतर त्यांना रांगेत एकसारखी घरं मिळाली आहेत. पाहुणा आला तर नंबर विचारत फिरतो. ती माणसं एसटीनं यायची, चपला बाहेर काढायची आणि टेबलापाशी उभी राहून भांडायची.

"माझं दार पूर्वेला हुतं."

"तुझं दार नालीकडं हुतं. लई पूर्वेला!"

"चाचा, आमच्या घरावर माडी घ्या."

"तुमच्या घराला माडी कधी हुती रे?"

"बांधणारच हुतो!"

चाचा सगळ्यांचं ऐकायचे आणि माडी चढवायचे. बालाजीकाका म्हणायचे, भूकंपात जेवढ्या माड्या पडल्या तेवढ्या गावात कधी उभ्याच नव्हत्या!

मी एकदा चाचांना विचारलं होतं. आयुष्यात विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी तो एक. "तुमचं घर कधी?"

चाचा म्हणाले, "आधी शेजाऱ्यांचं होऊ दे बेटा. आपलं काय, घरचंच काम हाय."

*

शोकसभा डायरेक्टर सरांनीच घेतली. फार छान बोलले. मैनुद्दीनभाई आमच्या परिवाराचे सदस्य होते, म्हणाले. त्यांची आठवण म्हणून अभ्यासिकेला त्यांचं नाव देऊ, म्हणाले. बॅच दिवाळीनंतर सुरू, प्रवेश मर्यादित, हेही त्याच दुःखात म्हणाले.

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. शेवटी मागच्या बाकावर कुणीतरी वाजवल्या.

*

आम्ही ठरवलं, राहिलेलं घर आपण करायचं. बालाजीकाका कॅमेऱ्यावर, रेशमा माती भिजवणार, मी हलवणार, कारण माझा हात कापत नाही. फक्त ते घर कसं होतं हे खालालाच माहीत.

"खाला, दार कुठं होतं?"

"मला काई याद न्हाई."

"खिडकी?"

"चहा झाला का? जावा आता घरी."

दर रविवारी हेच. दिवाळी झाली. सरांचा निरोप आला, उद्या सकाळी माणसं येतील, टेबल उपटतील.

सकाळी आम्ही गेलो तर खाला आधीच आत होती. चप्पल बाहेर, बाह्या वर. पोत्याच्या तळाशी उरलेली माती तिनं भिजवली होती. तिनं मोकळ्या जागेवर आधी दार उभं केलं. मग ओटा. मग चूल.

बालाजीकाका कॅमेऱ्यामागून म्हणाले, "खाला, हात काढा. हात येऊन राहिला शॉटमधी."

"येऊ दे."

"चाचा म्हणायचे, हात दिसला की..."

"मला नको सांगू ते काय म्हणायचे! गाव पडलं तवा कुणाचा हात दिसला हुता?"

काकांनी पुढचं प्रत्येक चित्र हातासकट घेतलं. चूल झाल्यावर खाला हात धुवायला उठली.

रेशमा म्हणाली, "खाला, भिंती राहिल्या."

"न्हाई राहिल्या," खाला म्हणाली. "भिंतीच पडतेत अंगावर. झालं घर."

एवढ्यात बाहेर जीप वाजली. डायरेक्टर सर, मागं पहारी घेतलेली चार माणसं. आणि त्यांच्याही मागं नव्या वसाहतीतली अर्धी एसटी. खालानंच त्यांना सांगावा धाडला होता. आम्हाला पत्ता नव्हता.

"चपला बाहेर," खाला म्हणाली.

सगळ्यांनी काढल्या. सरांनी इकडं तिकडं बघितलं आणि त्यांनीही बूट काढले.

पहारवाला पुढं आला तशी खाला आडवी आली. "पाडायचं न्हाई. काढायचं." तिच्या हातात भाकरीचं उलथणं होतं. तिनं पहिलं घर तळातून अलगद सोडवलं आणि ज्याचं त्याच्या ओंजळीत ठेवलं. मग दुसरं. एकेक माणूस पुढं यायचा, आपलं घर घ्यायचा, आणि मांजरीसारखा चालत बाहेर जायचा. माडीवाला माडी सांभाळत गेला. नालीकडचा आणि पूर्वेचा एकमेकांना "हळू, हळू" म्हणत गेले. दर घर उचललं की बालाजीकाका एक चित्र घ्यायचे.

टेबल रिकामं झालं. एक दार, एक ओटा, एक चूल राहिली.

सर घसा खाकरून म्हणाले, "आणि हे?"

खालानं ती तिन्ही उचलली आणि सरांच्या हातावर ठेवली. ओटा एवढा लांब होता की सरांना दुसराही हात पुढं करावा लागला. अंगठीवर माती लागली.

"याला भिंती नाहीत," सर म्हणाले.

"हाव," खाला म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

सर अनवाणी उभे. दोन्ही हात भरलेले. खिशात मोबाइल वाजायला लागला, तो काढता येईना. पहारवाले छताकडं बघत होते. रेशमा तोंडात ओढणी कोंबून होती. सरांनी सगळ्यांकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं वळले. वर्गात कधी नजर गेली नव्हती त्यांची माझ्याकडं.

"पोरी, तू सांग. हे मी कुठं ठेवू?"

"सर, ती बोलत न्हाई," बालाजीकाका म्हणाले.

खाला चहा ठेवता ठेवता वळून बघायला लागली. दारात घरं घेऊन उभी असलेली माणसंही थांबली. आणि मी तोंड उघडलं, आणि चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, तुम्ही ते आता"

आले गं आई! आले! लाइट घालवू नकोस, एवढं वाक्य तरी