कवीच्या वाट्याचा खबूस

भाईच्या चाळिसाव्याला भाभीने त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं. सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, घावणे आणि नारळाचा रस. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते आमच्यात फातेहासमोर ठेवतात. मी खाली जाऊन तंदुरवाल्याकडून एक खबूस, इथली अरबी रोटी, आणला आणि तबकाच्या कडेला ठेवला. हा कोणासाठी, असं नातवाने इंग्रजीत विचारलं. त्या दिवशी मला सांगता आलं नाही. आता सावकाश लिहितो आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. हा देश अजून व्हायचा होता. दुबई म्हणजे खाडी, खाडीच्या दोन्ही अंगांना वस्ती आणि मागे वाळू. आम्ही रत्नागिरीकडची माणसं खाडीकाठच्या देरा वस्तीत एका वखारीच्या माडीवर राहायचो. माडी चाचांची. ते कोणाचेच सख्खे चाचा नव्हते, पण गावातले सर्वांत वडीलधारे. मोठ्या युद्धात गोऱ्यांच्या जहाजावर खलाशी होते, नंतर इथे येऊन स्वतःची लाँच केली. माडीवर काय चालेल आणि काय नाही, हे ते ठरवत आणि कोणी वाद घालत नसे.

भाई, माझा मोठा भाऊ, गावी शाळेत इंग्रजी शिकवायचा. इथे तो धक्क्यावर उतरणारा माल तपासून घ्यायचा आणि संध्याकाळी माडीवर आमच्या लोकांना इंग्रजी शिकवायचा. इंग्रजी आलं की माणूस पाठीवरच्या ओझ्यातून सुटून ऑफिसात बसे, इतकं साधं गणित होतं. मीही तिथेच शिकलो. पुस्तक मात्र एकच. एका इंग्रज कवीच्या कविता, पुठ्ठा गेलेला, पाठीला शिडाच्या कापडाची पट्टी चिकटवलेली.

कवी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मेलेला. त्याच्या काळी बंदरातल्या गरीब माणसांना जबरदस्तीने लढाऊ जहाजांवर नेत. त्यावरून त्याने राजाला आणि पाद्र्यांना एकाच कवितेत झोडपलं होतं. ती छापून आली तशी सरकारने जप्त केली. वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही म्हटलं, धर्मबुडवा म्हटलं, मित्रांनी ओळख दाखवणं सोडलं. मेल्यावर त्याच देशाने त्याच्या फुलांच्या कविता तेवढ्या निवडून शाळेच्या पुस्तकांत घातल्या. धक्क्यावरच्या इंग्रज साहेबाने एकदा भाईच्या टेबलावरचं पुस्तक उचललं, डोळे मिटून फुलांची एक कविता म्हटली आणि फार गोड कवी म्हणून परत ठेवलं. त्या संध्याकाळी भाई नीट जेवला नाही. मला म्हणाला, "जिवंत होता तेव्हा शिव्या दिल्या, ते ठीक होतं. निदान त्याचं वाचून दिल्या होत्या."

दर जुम्मेराती, म्हणजे गुरुवारी, मगरिबच्या नमाजानंतर माडीवर फातेहा असे. ऊद जळायचा, जेवण पुढ्यात असायचं, प्रत्येकजण आपल्या घरातल्या गेलेल्यांची नावं सांगायचा आणि चाचा ती दुआत घ्यायचे. चाचांचं स्वतःचं नाव पहिलं, धाकट्या भावाचं. तोही युद्धात जहाजावर होता. जहाज बुडालं, मैयत मिळाली नाही. एका जुम्मेराती भाईची पाळी आली तेव्हा त्याने आमच्या अब्बांचं, अम्मीचं नाव सांगितलं आणि त्यांच्यामागून शांतपणे त्या कवीचं. चाचांनी तेही घेतलं. त्यांना वाटलं, कोणी जहाजावरचा कप्तान असेल.

जेवताना त्यांनी विचारलं तेव्हा भाईच्या आधी आमच्या माडीवरचा कंपाउंडर बोलला. तो मुंबईत शिकलेला, त्याला कवी ठाऊक होता. माणूस ख्रिस्ती घरातला, पण देवालाच मानत नव्हता, आणि वर राजाविरुद्ध लिहायचा. आपले व्हिसे इंग्रजांच्या हातात आणि मास्तर इथे हे शिकवतायत. कोणी चुगली केली तर सगळी माडी परतीच्या आगबोटीवर, असं तो म्हणाला.

चाचांनी ताटातून हात काढला. "मास्तर, उद्या जुम्म्यानंतर बोलू. तोवर क्लास बंद."

आमच्यातले तिघे एका तेल कंपनीच्या परीक्षेला बसणार होते. त्यांतला एक मी. सकाळपासून जो तो भाईला समजावत होता. म्हणा, मरताना त्याने ईमान आणलं, अल्लाला मानलं. इथून कोण बघायला जाणार आहे? मीही तेच म्हणालो. भाई पुस्तकाची पट्टी चिकटवत बसला होता.

नमाजनंतर सगळे जमले. चाचा चटईवर, समोर भाई.

"तो अल्लाला मानायचा?"

"नाही."

"शेवटी तरी?"

"शेवटचं मला ठाऊक नाही. त्याने लिहून ठेवलंय त्यात तरी नाही."

माझा भाऊ उंच नव्हता, त्याचा आवाज बारीक होता. नोकरी, छप्पर, गावात शब्दाला असलेला मान, सगळं त्या एका 'नाही'वर टांगलेलं होतं आणि वेळ विचारल्यावर सांगावी तसं त्याने ते सांगितलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मी त्याला ओळखतो असं मला तोवर वाटत होतं.

"आणि राजाविरुद्ध काय लिहिलं?" चाचांनी विचारलं.

भाईने पुस्तक उघडलं आणि ती खलाशांची कविता एकेक ओळ वाचत आमच्या गावच्या बोलीत सांगितली. बंदरावरून ओढून नेलेली माणसं. किनाऱ्यावर भाकरी घेऊन उभी राहिलेली बायको. पाणी, आणि पाण्याखाली राजाच्या नावाचं जहाज. आमच्यापैकी कोणी चाचांकडे बघितलं नाही. खाली धक्क्यावर हमाल ओरडत होते.

चाचा म्हणाले, "फातेहात त्याचं नाव घेता येणार नाही, मास्तर. ते माझ्या हातात नाही. या माडीवर परत घ्यायचं नाही."

"बरं," भाई म्हणाला.

मग ते कंपाउंडरकडे वळले. "आणि तू मला साहेबाची भीती घालू नको. हा कवी त्यांचाच माणूस आहे. साहेबाला त्याची फुलं तोंडपाठ आहेत म्हणे. हे पुस्तक बघितलं तर चहा पाजील."

सगळे हसले. भाई हसला नाही. ज्या गोडव्याचा त्याला राग होता, त्यानेच त्याचा क्लास वाचवला होता.

मला वाटलं, संपलं. पण चाचा अजून भाईकडेच बघत होते. "तो खायचा काय?"

भाईला प्रश्न कळला नाही. चाचांनी परत विचारलं, काय आवडायचं त्याला खायला? भाईने पुस्तकाची पानं उलटली, पुढून, मागून. इतकी वर्षं वाचत होता, पण हे त्याने कधी शोधलंच नव्हतं. शेवटी म्हणाला, "पाव असेल. हातात पैसा नसायचा त्याच्या."

"मग जुम्मेराती एक खबूस जास्तीचा आणा. फातेहा झाला की तो घेऊन खाली जा. जो पहिला भेटेल त्याला द्या. देण्याला नाव लागत नाही. खलास. जेवायला बसा आता."

क्लास त्याच संध्याकाळी भरला. भाईने ते नाव फातेहात पुन्हा कधी घेतलं नाही. मीही इथे घेतलेलं नाही, चाचांचा शब्द अजून मोडवत नाही. पण दर जुम्मेराती तो हातात गरम खबूस घेऊन जिना उतरताना मला दिसायचा. पुढे लग्न झालं, घरं बदलली, खाडीवर पूल झाले, तरी तो उतरायचा. भाभीनेही कधी कारण विचारलं नाही.

चाळिसाव्याला अल बर्शातल्या भाईच्या फ्लॅटमध्ये दुआ झाली. नावांत पहिलं नाव भाईचं आलं. मग मी खबूस घेतला आणि नातवाला घेऊन लिफ्टने खाली आलो. दारात हेल्मेट काढून एक डिलिव्हरीवाला घाम पुसत होता. त्याने दोन्ही हातांनी खबूस घेतला आणि हिंदीत विचारलं, कोणाच्या नावाचा?

"मेरे भाई के उस्ताद का," मी म्हणालो.

तो पायरीवर बसला आणि आम्ही उभे असतानाच त्याने पहिला तुकडा मोडला.