गुलमोहरावरची अळंबी

अंगणातल्या गुलमोहराच्या बुंध्यावर तळहाताएवढी अळंबी उगवली होती, एकीवर एक रचल्यासारखी. मी तिचे कृष्णधवल फोटो काढत होते. रंग गेले की पोत कसा उठून दिसतो! पण कॅमेऱ्यात फोटो पाहिला, तर अळंबीच्या मागून वर चढत गेलेली एक काळी भेग दिसली. शेवाळाच्या हिरव्या रंगात ती मला कधी दिसलीच नव्हती. रोज ज्याच्याजवळून जातो, तेच आपण किती कमी पाहतो!

त्याच झाडाखाली बाबा खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"बाबा, आत चला. झाड पोखरलंय."

"मी लावलंय ते. काही होत नाही त्याला."

मी दगडाने बुंध्यावर ठोकलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. बाबांनी पेपर खाली केला. ते उठले आणि खोडाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी माझा हात धरला आणि पायरीकडे चालू लागले.

आजवर बाबांनी माझं एका शब्दात कधी ऐकलं नव्हतं. आज ऐकलं, आणि मी खरी घाबरले ती तेव्हा.