शेपटीवरचं चित्र

सत्याप्पाचं तिकीट बुकिंगचं दुकान निपाणीत माझ्या फोटो स्टुडिओच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे त्याची चिडचिड मला फुकट ऐकायला मिळते. माणूस सज्जन, पण हुशारीचा गर्व भारी.

आमच्याकडच्या जुन्या बायका स्टँडवर पाटी वाचत नाहीत. महाराष्ट्राची एसटी कुठली, कर्नाटकाची कुठली, हे रंगावरून ओळखतात आणि बरोबर गावाला पोहोचतात. सत्याप्पानं तीच युक्ती विमानाला लावली. पोरांकडे परदेशी निघालेल्या आयांना तो तिकिटाच्या पाकिटावर विमानाची शेपटी रंगवून द्यायचा. अशी शेपटी दिसली की बसायचं, दुसऱ्या कशात पाय ठेवायचा नाही. वीस वर्षांत एकही बाई चुकली नाही, हे तो येईल त्याला सांगायचा.

मग पारूबाई निघाल्या. जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. लेक सुनयना बोस्टनला डॉक्टरेट झाली, शनिवारी पदवीदान होतं आणि आईनं समोर बसावं एवढाच तिचा हट्ट होता. सत्याप्पानं फ्रँकफुर्टमार्गे तिकीट काढलं आणि पाकिटावर निळी शेपटी रंगवली.

फ्रँकफुर्टला दारापाशी उभं होतं लाल शेपटीचं विमान. युरोप-अमेरिकेनं करार करून आकाश मोकळं केलं, कुणीही कुठल्याही शहरातून उडावं म्हणाले. झालं काय, तर कंपन्यांनीच आपसात सोयरीक केली. तिकीट एकीचं, विमान दुसरीचं, भाडं दोघींत वाटून. तिकिटावर तशी बारीक ओळ होती, पण सत्याप्पानं ती वाचली नव्हती. पारूबाईंना न्यायला विमान कंपनीची बाई आली, हाताला धरलं, तीनदा नाव पुकारलं. पारूबाईंनी पाकीट पुढं केलं आणि मान हलवली. विमान गेलं. दुसरं मिळालं दुसऱ्या दिवशी, तोवर पदवीदान उरकलं होतं.

सत्याप्पा पेटलाच. महिनाभर तक्रारी लिहीत होता. तिकीटवाली कंपनी म्हणे विमान आमचं नव्हतं, विमानवाली म्हणे तिकीट आमचं नव्हतं. आम्हा सीमेवरच्या लोकांना ही टोलवाटोलवी नवी नाही, तरी माझंही डोकं फिरलं. इतक्या मोठ्या करारात एका म्हातारीला उत्तर देणारा माणूस नसावा? सत्याप्पा दिवसभर तेच बोलायचा. ती बारीक ओळ मात्र बोलण्यात कधी यायची नाही, आणि मीही काढली नाही.

तीन महिन्यांनी पारूबाई परतल्या आणि थेट दुकानात आल्या. सत्याप्पानं खुर्ची दिली, दोन्ही कंपन्यांना शिव्या घातल्या, आलेली पत्रं वाचून दाखवायला लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, स्टेजवर चढताना सुनयनानं दोनदा मागं वळून रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, तसं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

"कंपनीचं मला काय ठावं न्हाय, सत्याप्पा," त्या म्हणाल्या. "ती बाई लई चांगली हुती. चल चल म्हणत हुती. पर तुझ्या हातचं चित्र खोटं कसं असंल, म्हणून मी हललेच न्हाय."