आधी रिकामा डबा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. फोन ठेवला, कागद ओढला आणि कुणाकुणाला कळवायचं ते लिहायला घेतलं. महिना झाला, सगळी कामं उरकली. थकवा मात्र आता जाणवतोय...

माझी ही थोरली बहीण खगोलशास्त्रज्ञ होती. स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याच्या अवशेषातून गॅमा किरण येतात का, हे ती शोधायची. दुर्बीण आधी अवशेषाकडे लावायची, मग तेवढाच वेळ शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे. रिकाम्या आकाशातूनही थोडे किरण येतातच; ते वजा करून उरेल ते अवशेषाचं. घरीही तोच खाक्या. कोथरूडच्या आमच्या वाण्याला सांगायची, "शेठ, आधी रिकामा डबा ठेवा काट्यावर." तो म्हणायचा, "अहो ताई, डबा तुमचाच आहे. मी काय त्यात दगड घातलेत?"

पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या येऊ लागल्या, मी एकीत लागले, तेव्हा तिलाही म्हटलं, "चल की. मेलेल्या ताऱ्यामागे किती वर्षं घालवणार?"

"मेलाय गं, पण विझलाय कुठे?"

तरी तिच्या मोजणीत काहीच उरेना. 'या अवशेषातून गॅमा किरण येत नाहीत' असा तिचा शोधनिबंध छापून आला आणि त्याच्या जोरावर संस्थेत कायम नेमणुकीची मुलाखत ठरली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की अवशेष समजत होतो त्याहून बराच पसरलेला आहे. त्याची कड त्या 'रिकाम्या' आकाशातच येते. म्हणजे ताऱ्याचं ताऱ्यातूनच वजा झालं होतं.

"मुलाखत होऊ दे, मग कळव," मी म्हटलं.

"आणि तोवर लोक ते खरं धरून बसतील, त्याचं काय?"

तिने निबंध मागे घेतला. नेमणूक दुसऱ्याला मिळाली. ताई मग क्लासमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत राहिली. बऱ्याच वर्षांनी परदेशात कुणीतरी त्याच अवशेषाचे गॅमा किरण टिपले. बातमी माझ्यापुढे सरकवत ती एवढंच म्हणाली, "होता बघ." आणि चहा टाकायला उठली.

परवा तिचाच डबा घेऊन तूरडाळ आणायला गेले. वाण्याने न सांगता रिकामा डबा काट्यावर ठेवला आणि थांबून राहिला. मला कळेना.

"ताई 'हं, भरा' म्हणायच्या..." तो म्हणाला.

मला घाई होती, अजून चार दुकानं व्हायची होती. तरी काट्याकडे नीट बघितलं.

"हं," मी म्हटलं, "भरा."