वीतभर आगगाडीचं सोनारकाम

सोनाराच्या घरात केर बाहेर टाकत नाहीत. दुकानातला केर रोज एका डेऱ्यात जातो आणि डेरा भरला की तो जाळून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतात. सांगलीच्या या सोनारांच्या घरात सून होऊन मला अजून वर्ष झालेलं नाही, पण किश्श्यांचा डेरा मात्र काठोकाठ भरलाय. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे त्यातला एक कणही आजवर सांडलेला नाही. आज थोडे धुवायला काढते.

मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हात तार ओढण्यात नावाजलेला. जंतर नावाची एक पोलादी पट्टी असते, तिला एकाहून एक बारीक भोकं. त्यांतून ओढत ओढत ते तार केसाएवढी करतात. पण लढाई सुरू झाली, सोनं महागलं आणि दुकानात गिऱ्हाईक येईना. मामंजी रिकामं जंतर पुसत बसायचे.

अशा एका दुपारी मिरजेच्या बंगल्यातले गोरे साहेब टांग्यातून उतरले. रेल्वेतून निवृत्त झालेले आणि घरी हौसेने लाकडाची आगगाडी करणारे. एकेक डबा वीतभर. डब्यांच्या बारीक दांड्या, मुठी, हूक विलायतेहून टपालाने यायचे, ते लढाईमुळे बंद पडले होते. साहेबांना मराठी येतं, पण ते रुळावरच्या गँगमनांकडून शिकलेलं. दारातूनच त्यांनी पासष्ट वर्षांच्या मामंजींना विचारलं, “काय रं गड्या, तार ओढतोस काय?”

मामंजींना उभ्या जन्मात असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून साहेबांना नीट न्याहाळलं. “ओढतो की रं गड्या. बस.”

तेव्हापासून दोघांचं जमलं.

* * *

पहिलं काम होतं दाराशेजारच्या दांड्यांचं. चढताना धरायच्या असतात त्या. साहेबांनी कागदावर काढून दिल्या: साधी सरळ तार, दोन्ही टोकांना वाकवलेली.

आता सोनाराला साधी सरळ तार देता येते का? मामंजींनी दोन तारांना पीळ घातला, टोकांना खसखशीएवढे रवे बसवले. आठ दिवस खपले.

साहेबांनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “लय झ्याक. पण गड्या, माझ्या गाडीत नवरी बसणार न्हाई.”

“वऱ्हाड तर बसंल?” मामंजी म्हणाले.

त्या आठवड्यात मामंजींनी साध्या दांड्या केल्या. पिळाच्या दांड्या साहेबांनी परत दिल्या नाहीत. त्या पहिल्या वर्गाच्या डब्याला लागल्या.

* * *

याच सुमारास विट्याचे काका आले. हे मामंजींचे चुलतभाऊ, मद्रासला सोनं गाळायचं दुकान चालवतात. त्यांना तिथे भरवशाचा माणूस हवा होता आणि त्यांची नजर ह्यांच्यावर होती. ह्यांच्यावर म्हणजे माझ्या घरधन्यांवर.

“दादा, पोरगं हितं पितळंची खेळणी करत बसलंय. माझ्यासंगं लावून दे.”

मामंजींनी तोड काढली. साहेबांना नमुन्याचा एक डबा पुरा करून द्यायचा. तो पसंत पडला आणि पुढच्या बारा डब्यांचं काम मिळालं, तर हे सांगलीत राहतील. नाही मिळालं, तर दिवाळी झाली की मद्रास.

मद्रासला बायकांना नेत नाहीत. विट्यात अशी घरं पुष्कळ आहेत, जिथे नवरा वर्षाकाठी पंधरा दिवस दिसतो.

त्या दिवशी माझ्याकडून आमटीत दोनदा मीठ पडलं. काकांनी जेवताना तीन तांबे पाणी संपवलं.

* * *

मग हवालदार आला. त्या दिवसांत साताऱ्याकडे चळवळीतल्या पोरांनी रूळ उखडल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि गल्लीतल्या कुणीतरी चौकीवर सांगितलं होतं की सोनारांच्या घरात आगगाडीचे हूक आणि ब्रेकचे दांडे तयार होतात.

“माल कुठं दडवलाय?” हवालदाराने दम भरला. माळा पाहिला, न्हाणीघर पाहिलं, धान्याच्या कणगीत काठी घालून ढवळलं.

मामंजींनी कोनाड्यातली काडेपेटी काढून त्याच्या तळहातावर उघडली. आत चार हूक, आठ मुठी आणि ब्रेकचे दोन दांडे.

हवालदार त्याकडे पाहतच राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “आवं, ह्याचा पंचनामा मी कसा लिवू?”

“लिवा की,” मामंजी म्हणाले. “एक काडेपेटी. काड्या न्हाईत.”

* * *

या वस्तूंचा एक दुर्गुण म्हणजे त्या उडतात. चिमट्यातून एकदा सुटली की मूठ कुठे जाईल याचा नेम नाही. हरवलेली वस्तू शोधायचं काम सासूबाईंकडे. तांदळातला खडा त्यांना झोपेतही दिसतो. त्या जमीन झाडून सगळी धूळ सुपात घेतात आणि पाखडून दाराची मूठ वेगळी काढतात.

एकदा मात्र मूठ सुपातही मिळाली नाही. ती मिळाली संध्याकाळी, मामंजींच्या भाकरीत. कडकन आवाज झाला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी परातीतलं पीठ उगाचच पुन्हा मळायला घेतलं.

मामंजींनी मूठ तोंडातून काढली, धुतली, दिव्यापाशी धरली. दाढेचं नावही काढलं नाही.

“वाकली न्हाई,” ते म्हणाले. “काम पक्कं हाय.”

* * *

पंचमीला मी माहेरी साताऱ्याला निघाले, हे पोचवायला होते. मिरजेच्या फलाटावर गाडी उभी, आणि हे खिशातून दोरा काढून डब्याची पायरी मापताहेत. मग दांडी. मग खाली वाकून दोन डब्यांमधली साखळी. मी गाठोडं घेऊन उभी. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंच निघालो होतो आणि हे साखळीशी बोलत होते.

तिकीट तपासनीस आला. “काय पावणं, डबा इकत घ्यायचाय?”

“न्हाई,” हे वर न पाहता म्हणाले, “घरी करायचाय.”

तपासनीस माझ्याकडे वळला. “ताई, ह्यांना जपून न्या.”

* * *

नमुन्याच्या डब्याचं सगळं झालं, पण ती साखळी काही होईना. तीन कड्या, एकेक तिळाएवढी, एकीत एक अडकवून डाख देऊन सांधायच्या आणि तरी साखळी झुलायला हवी. मामंजींची नजर पोचेना, ह्यांची बोटं जाड. पंधरा दिवस दोघांनी कड्या उडवल्या आणि सासूबाईंनी पाखडल्या. शेवटी एका दुपारी ह्यांनी तार आणि चिमटा आणून मुकाट्याने माझ्या पुढ्यात ठेवला. माहेरी मी वडिलांच्या हाताखाली नथीचं काम केलेलं. साखळी झाली. कुणी केली, हा विषय घरात कुणी काढला नाही.

दिवाळी झाल्यावर साहेब डबा बघायला आले त्या दिवशी विट्याचे काकाही हजर होते. दुसऱ्या दिवशी ते मद्रासला निघणार होते.

साहेबांनी साखळीवर फुंकर घातली. साखळी झुलली. “गड्या, ही कुणी केली?”

“घरातच केली,” मामंजी म्हणाले.

“माझ्याम्होरं एक करा. बारा डब्यांचं काम द्यायचं तर हात बघून देतो.”

हे बसले. पहिली कडी उडाली ती साहेबांच्या चहात पडली. दुसरी कुठे गेली ते कळलंच नाही. काका पुतण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “ऊठ. ट्रंक भर.”

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, “करणारी आत भाकऱ्या थापतीया. दोन राहिल्यात. दम धरा.”

मी हात धुऊन आले. पदर सावरून शेगडीपाशी बसले. तीन कड्या अडकवल्या, फुंकणीने डाख दिला, साखळी पाण्यात टाकली. साहेबांनी ती भिंगाखाली धरली, फुंकर घातली, आणि मामंजींना म्हणाले, “बारा डबे तुझे. हात मात्र हाच पाहिजे.”

मी चिमटा खाली ठेवला, तोच काका खुशीत बोलले, “मग तर झकासच! काम सून करतीया. पोरगं हितं बसून काय करणार? उद्या माझ्याबरूबर चलू दे.”

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. या घरात मोठ्या माणसांपुढे “वाढू का?” याखेरीज मी काही बोलले नव्हते.

“तार ओढायला दोन माणसं लागतात,” मी शेगडीकडे बघत म्हटलं.

काका मामंजींकडे वळले. “व्हय, दादा? दोघं लागत्यात?”

मामंजी पन्नास वर्षं एकटेच तार ओढत आलेत, आणि काकांचाही जन्म सोनाराच्याच घरातला, त्यांनाही हे ठाऊक होतं.

मामंजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

“लागत्यात,” ते म्हणाले.