नानखटाईच्या रंगाचा कोयता

शिळफाट्यावर ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानी दुरुस्त करणारे झाकीरभाई कोयतेही घडवतात. तुटलेल्या कमानीचा पाटा हेच त्यांचं पोलाद. शेजारच्या टायरच्या दुकानात मी हिशेब बघतो, त्यामुळे त्यांची बढाई मला रोज चहाबरोबर मिळते.

"सळईच्या कोयत्यानं लोणी कापावं. कितीही पाणी द्या, धार धरणार नाय. कमान पायजे, कमान!"

पाणी द्यायची त्यांची रीत ठरलेली. तापून लाल झालेलं पातं भट्टीशेजारी टांगलेल्या लोहचुंबकाला लावून बघायचं. चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं कडक असतं आणि काचेसारखंच ठिसूळ. म्हणून ते घासून लख्ख करायचं आणि निखाऱ्यावर पुन्हा शेकायचं. पोलादावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग बदामी, मग जांभळा, निळा. बदामीवर काढलं तर कोयता टिकतो. आधी काढलं तर ठिसूळ राहतो, उशीर झाला तर मऊ पडतो. हा रंग ओळखण्यात झाकीरभाईंचा हात, म्हणजे डोळा, कोणी धरत नव्हतं.

यंदा भाताची जमीन भाजायला, राबासाठी, फांद्या तोडायच्या दिवसांत पळसदरीच्या वरच्या वाडीतली ठकी ठाकरीण नवा कोयता घेऊन गेली आणि दोन दिवसांत परत आली.

"झाकीरभाय, तुमच्या कोयत्याला दात आले!"

धारेचे टवके उडाले होते.

"दगडावर मारलास तू."

"तुमच्याकडं झाडाला दगड लागत्यात का वो?"

झाकीरभाईंनी दुसरा घडवला. दुकानासमोर खैराचा एक ओंडका पडलेला असतो. नव्या कोयत्याचा पहिला घाव गिऱ्हाइकानं त्यावर घालायचा, हा इथला रिवाज. ठकीनं घाव घातला आणि पात्याचा तुकडा उडून टायरच्या ढिगात पडला. नाक्यावरचे रिक्षावाले हसले.

"हल्लीच्या ट्रकांतच दम नाय," झाकीरभाई म्हणाले.

"आता एकदाच बगते," ठकी म्हणाली. "सोमवारी येईन. ह्याही बारीला तुटला तर आमची सगळी वाडी कर्जतच्या बाजारातून कोयतं आनंल."

सगळी वाडी! त्यांच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. झाकीरभाईंनी तेल बदललं, कोळसा बदलला, लोहचुंबकसुद्धा बदललं. बढाई थांबली. चहा बेचव लागायला लागला.

पुढचं त्यांच्या पत्नीनं, अमिरुन्निसाभाभींनी, नंतर सगळ्या नाक्याला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. भाभी ऑर्डरीप्रमाणे नानखटाई करून देतात. रविवारी त्या कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि जाताना नवऱ्याला सांगून गेल्या, "बदामी झाल्या की ओव्हन बंद करून ताट काढा." खाली येऊन बघतात तर ताट बाहेर आणि नानखटाया पांढऱ्याफटक.

"ह्या कच्च्या हायत!"

"चांगल्या बदामी हायत. तुला दिसत नाय काय?"

भाभींनी हातातली धुतलेली चादर त्यांच्या तोंडासमोर धरली. "हिचा रंग कोणता?"

"पिवळी. नीळ संपली काय गं?"

चादर नवी होती आणि पांढरीशुभ्र होती. भाभींनी डोक्याला हात लावला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पांढरंसुद्धा पिवळं दिसणारं, आणि ह्या माणसानं शिव्या घातल्या त्या ट्रकांना!

सोमवारी ठकी आली तेव्हा भाभी भट्टीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. हातात नीट भाजलेली एक नानखटाई. झाकीरभाईंनी पातं निखाऱ्यावर धरलं. भाभींनी त्याच्याशेजारी नानखटाई धरली.

"काढू?"

"थांबा."

"आता काढू?"

"कच्चा हाय."

"कोयता हाय गं तो, बिस्कीट नाय!"

"काल बिस्कीटपन कच्चंच काढलं तुमी. गप बसा."

गर्दी जमली. झाकीरभाईंच्या कपाळावरचा घाम नाकापर्यंत आला. पात्यावरची पिवळी झाक गडद होत गेली, नानखटाईच्या कडेशी जुळली, आणि भाभी ओरडल्या, "काढा!"

पातं निवलं, मूठ बसली, धार लागली. ठकीनं पदर खोचला आणि खैरावर घाव घातला. लाकडाची ढलपी उडाली. दुसरा घाव गाठीवर. तिनं धारेवरून अंगठा फिरवला. "ह्यो कोयता!" म्हणत तो कमरेच्या आकडीत अडकवला आणि भाभींच्या हातातली नानखटाई घेऊन खाऊन टाकली.

झाकीरभाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन पनवेलला झालं. परत आल्यावर दुकानाची पाटी निळी कोणी केली म्हणून ते आधी भांडले. ती पहिल्यापासून निळीच आहे. आता त्यांना पोलादावरचा प्रत्येक रंग लख्ख दिसतो आणि बढाईही पूर्ववत सुरू आहे. फक्त परवा ठकी वाडीतल्या ललिताला घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "भाबी हाय ना?"

"भाबी कशाला? माझे डोळे आता नवे हायत!"

"आसतील वो. पन भाबीनं बगितल्याबिगर वाडीत कोन कोयता घेत नाय."

झाकीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं. मग त्यांनी फोन काढला.

"येतेस का गं? आनि नानखटाईचा डबा भरून आन. मागच्या खेपेला ह्या बाईनं मापच खाल्लं."