म्हाताऱ्याची काठी शस्त्रात धरावी का?

माझी शोभा मीच सगळ्या सोसायटीत कशी करून घेतली ते आज सांगूनच टाकते. हसायचं तर हसा, पण पूर्ण ऐकून हसा.

तेव्हा आम्ही बिबवेवाडीत राहायचो. मी सॉफ्टवेअर टेस्टर, नवरा कंपनीच्या कामानं परदेशात. घरात मी आणि माझे सासरे, नाना. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून हातात काठी. मी ऑफिसातून आले की लॅपटॉप उघडायची. एका कॉम्प्युटर गेमचं मला वेड होतं, आणि त्याच्या चाहत्यांनी मिळून चालवलेल्या विकीची, म्हणजे इंटरनेटवरच्या कोशाची, मी संपादक होते. पगार शून्य, रुबाब मात्र प्राचार्यांचा.

त्यातलं ‘शस्त्रे’ हे पान माझ्याकडे. जोडीला नितीन, मूळचा अकोल्याचा, वाघोलीला राहून नोकरी करणारा. गेममध्ये एक म्हातारा आहे. त्याची सून चोरावर आधी लाटणं फेकते, मग सासऱ्याचीच काठी हिसकावून त्याला हाणते. नितीन म्हणे, ज्यानं मार बसला ते शस्त्र. मी म्हणे, मग लाटणं, तांब्या, सगळंच घालावं लागेल. वस्तू कशासाठी केलीय ते बघायला नको? तुम्हाला पोरकट वाटेल, पण तो प्रश्न मला खरंच छळायचा. वस्तू मुळातच शस्त्र असते, की हात तिला शस्त्र करतो?

एका रविवारी सकाळी बाल्कनीत उभी राहून मी नितीनला फोनवर ठणकावलं, "हे बघ, म्हाताऱ्याला काठी चालायलाच लागते. सुनेनं ती एकदा उचलली, म्हणून लगेच शस्त्र म्हणायचं? आणि लाटणं तर तिनं रागात फेकलंय, नेम धरून नाही."

खालच्या बाल्कनीत वैद्य काकू कपडे वाळत घालत होत्या, हे मला कुठं ठाऊक?

संध्याकाळी नानांसाठी शिरा आला. दुसऱ्या दिवशी अळूवड्या. मग सोसायटीतले आजोबा नानांना बागेत घेऊन जाऊ लागले. परत सोडायला दोघं-दोघं दारापर्यंत यायचे आणि जाता जाता माझ्या स्वयंपाकघरात डोकवायचे. मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत! नवऱ्याला फोन करून मी त्यांचं कौतुकही केलं.

शेवटी काकूंनी मला जिन्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, नोकरीनं थकतेस, चिडचिड होते, सगळं मान्य. पण म्हाताऱ्या माणसावर काठी?"

मला कळायलाच वेळ लागला. मग त्यांना जवळजवळ ओढतच घरी आणलं आणि लॅपटॉपवर तो म्हातारा, ती सून, तो चोर, सगळं दाखवलं. काकूंनी चष्मा लावून पान वाचलं, ओशाळल्या, आणि जाताना सांगून गेल्या की लाटण्याच्या बाबतीत मात्र माझं चुकतंय.

दार लावून मी नानांवर उखडले. "तुम्हाला विचारलं असेल ना त्यांनी? सांगायचं नाही का, सून अंगाला हात लावत नाही म्हणून?"

"सांगितलं की," नाना म्हणाले. "म्हटलं, छे हो. मारायला तिला आधी माझ्याकडे बघावं लागेल."

टोचून बोलले असते तर मी भांडले असते. पण बाहेर ऊन पडलंय हे सांगावं, इतक्या साधेपणानं ते बोलले होते. मोबाईलवर नितीनचं नाव चमकत होतं, ते तसंच चमकू दिलं. लॅपटॉप मिटला, खुर्ची ओढली आणि नानांच्या समोर जाऊन बसले.

नानांनी काठी बाजूला टेकवली. मग काळजीनं म्हणाले,

"काय गं, इंटरनेट बंद पडलं का?"